एकाच फळीतलं

मुलीनं गिटार मांडीवर पालथी घातली, आणि कौमुदीच्या हातातला चहाचा कागदी कप तिरपा झाला. चहा सलवारीवर सांडला. चटका बसला हे तिला जरा वेळानं कळलं. शंकर नगरातल्या चष्म्याच्या दुकानात तिच्या नव्या चष्म्याच्या काचा बसवणं चाललं होतं, बाहेर बसा म्हणाले म्हणून ती चहाच्या ठेल्यासमोरच्या बाकावर येऊन बसली होती. दुकानाच्या वर संगीताचा क्लास होता. मुलगी तिथलीच असावी, अठरा-एकोणीस वर्षांची, अंगानं काटकुळी, कुणाची तरी वाट बघत ओढणीच्या टोकानं गिटारीची पाठ पुसत होती. उतरतं ऊन त्या पाठीवर पडलं होतं. लाकूड मधाच्या रंगाचं होतं, आणि त्या रंगाच्या आत, खाली, आडव्या लहरी होत्या. मुलीनं गिटार जराशी कलती केली तशा लहरी हलल्या. उजळ होत्या त्या काळवंडल्या, काळ्या होत्या त्या पेटल्या. मधल्या सांध्याच्या एका बाजूला, खालच्या अंगाला, चिंचोक्याएवढी काळी गाठ होती आणि तिच्याभोवती लहरी वळसा घालून जात होत्या. दुसऱ्या बाजूला तशीच गाठ, आरशात दिसावी तशी. ही गाठ कौमुदीच्या घरी होती. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरात, तिच्या लेकीच्या, ईराच्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या गिटारीच्या पाठीवर. तिला आधी वाटलं, चोरी झाली. सकाळी आपण कुलूप लावलं की नाही, हे ती आठवायला लागली. मग तिनं जुना चष्मा नाकावर वर सरकवला आणि नीट बघितलं. ही गाठ थोडी लहान होती. तीच, पण लहान.

लाकूड असं बघायला तिला श्रीपादनं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे हाक मारून दाखवलं, एवढंच. गोंदियाहून लग्न होऊन ती रायपूरला आली तेव्हा हा नवरा फक्त सिलतऱ्याच्या कारखान्यातला इंजिनिअर होता. लोखंडाच्या भट्ट्या, शिफ्टा, नाकातून काळी भुकटी घेऊन घरी येणारा माणूस. लाकडाचा नाद त्याला पुढं लागला. ईराला गिटार हवी होती, आणि दुकानातली आणण्याऐवजी त्यानं मोबाइलवर बघून बघून स्वतः करायला घेतली. गुढियारीच्या आरा मिलमधून आंब्याची एक जाड फळी आणली. आंब्याला तिथं कुणी विचारत नाही, पेट्या करतात त्याच्या. पण या फळीत त्याला काहीतरी दिसलं होतं. मिलमध्येच ती उभी चिरून घेतली, पातळ पातळ, वहीची पानं सुटी करावी तशी. दोन पानं उघडून शेजारी ठेवली की एक पाठ होते. मागच्या ओसरीवर ती दोन पानं तिला तरी नुसतीच लाकडं वाटली होती, मळकट, फिकी. मग एका रविवारी त्यानं हाक मारली. "कौमुदी, इकडं ये. हे पाय." कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं लाकडावरनं फिरवला, आणि बोळा गेला तिथं तिथं आतून लाटा वर आल्या. तो म्हणाला, "मी काहीच नाही केलं. हे त्याच्यात आधीचंच आहे. झाडावर भार पडला असंल कुठं, तिथं आतले रेशे असे वळून गेले." मग स्पिरिट उडून गेलं आणि फळी पुन्हा मळकट झाली. ते दिसत राहावं म्हणून चपडा. लाखेचे ते पातळ तुकडे तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि मलमलीत गुंडाळलेल्या बोळ्यानं थरावर थर चढवत बसायचा. एकेक थर इतका पातळ की चढवला की नाही तेही कळू नये. आणि महिनाभरानं बघावं तर लाकडावर जणू पाणी उभं राहिलेलं, ज्यातून तळ दिसतो. ईरानं मोठ्या हौसेनं निळा रंग मागितला होता. त्यानं दिला नाही. रंगानं झाकून जातं, म्हणाला.

मग ही दुसरी. उरलेल्या पानांचं त्यानं काय केलं होतं? तिला आठवलं, त्यानं दुसरी गिटार करायला घेतली होती. ते कारखान्यातल्या अपघातानंतरचं वर्ष. तेव्हा तो नीट जेवत नसे, बोलत नसे, आणि ओसरीचं दार लावून घेऊन लाकूड घासत बसे. तिला बरंच वाटलं होतं, निदान हाताला काही काम आहे. नंतर एकदा तिनं विचारलं तर म्हणाला, वाकवताना मोडली, कीड होती आत, जाळून टाकली. कौमुदी उठली आणि मुलीजवळ गेली. गिटार छान आहे, कुठून घेतली, असं तिनं हिंदीत विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुकानदारणीसारखा वाटला. मुलगी हसली. घेतली नाही, म्हणाली. "एक अंकल थे, उन्होंने बनाई मेरे लिए। पापा के प्लांट में साहब थे।" दर वर्षी येऊन पॉलिशही करून द्यायचे. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हापासून इथं बघा, हाताच्या घामानं धुरकट होत चाललंय. तिनं बोट ठेवून दाखवलं. मुलीचं नाव मीरा. आई शिवणकाम करते. घर सिलतऱ्याच्या अलीकडं, तलावाच्या पाऱ्यात, म्हणजे तलावाकाठच्या वस्तीत, आट्याच्या चक्कीसमोर. कौमुदी हे सगळं काढून घेत होती आणि त्याच वेळी मुलीचं कपाळ बघत होती, कानाच्या पाळ्या बघत होती. श्रीपादच्या पाळ्या चिकटलेल्या होत्या, ईराच्याही. मीरानं केस कानावरनं घेतले होते. तेवढ्यात एक मैत्रीण स्कूटी घेऊन आली आणि मुलगी गिटार खोळीत घालून निघून गेली. आपण कोण हे कौमुदीनं सांगितलं नाही. नवा चष्मा घालून ती घरी आली आणि ईराच्या खोलीत जाऊन गिटार खुंटीवरनं काढली. पालथी धरली. नव्या काचांमधून गाठ आणखी स्पष्ट दिसली. मोठी गाठ. म्हणजे हे पान वरचं, ते त्याच्या खालचं. मध्ये करवतीच्या पात्याएवढं अंतर.

नंतरचे दिवस तिनं ऑफिसात फायलींवर मान घालून काढले. सिंचन विभागाच्या त्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, शेजारच्या टेबलावरच्या शर्मिष्ठानं तब्येत विचारली तर तिनं चष्म्याचा नंबर बदललाय, डोकं दुखतं असं सांगितलं. आणि आतल्या आत ती रविवार उकरत होती. कारखाना सोडल्यावरही तो अधूनमधून रविवारी सिलतऱ्याकडं जायचा. जुने लोक भेटतात, म्हणायचा. परत आला की बोटांना स्पिरिटचा वास यायचा. तिनं कधी विचारलं नव्हतं. बाई असेल, तर ती कशी असेल? शिवणकाम करते. म्हणजे घरात मशीनचा आवाज, चिंध्या. तो तिथं कुठं बसत असेल, खाटेवर? चहा देत असेल ती? त्याला साखर कमी लागते हे तिला माहीत असेल का? कौमुदीला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण त्या रागात एक विचित्र ऊब होती. वर्षभर हा माणूस फोटोत बसून नुसता बघत होता. आता तो पुन्हा हलायला लागला होता, खोटं बोलत होता, घरातून निघून कुठंतरी जात होता. एका संध्याकाळी हैदराबादहून ईराचा फोन आला. ईराला मराठी समजते, पण बोलताना ती हिंदीवर घसरते. "आई, तुझा आवाज़ अलग लग रहा है। तू ठीक आहेस ना?" कौमुदी म्हणाली, घसा बसलाय. ईरा बाबांची आठवण काढत राहिली, कुठल्याशा गिटारवाल्याला तिनं फोटो दाखवला तर तो म्हणाला, असं लाकूड मिळत नाही. कौमुदीनं हं म्हटलं. या घरात आता आपणही दार लावून घेऊन बसलो आहोत, असं तिला वाटलं आणि तिनं फोन लवकर ठेवला.

रविवारी ती गेली. रिंग रोड सोडून ऑटो सिलतऱ्याकडं वळली तशी झाडांची पानं काळी दिसायला लागली. भिंती, छपरं, वाळत घातलेली धोतरं, सगळ्यांवर लोखंडाच्या भट्ट्यांची बारीक काजळी. श्रीपादच्या शर्टांच्या कॉलरींतून तिनं वर्षानुवर्षं हीच काजळी धुतली होती, पण ती जिथं पडते ते गाव तिनं आज पहिल्यांदा बघितलं. चक्कीसमोरचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात एक म्हातारा खाटेवर बसला होता, गळ्यात तुळशीची कंठी, नजर रस्त्यावर. तिच्या नमस्काराला त्यानं उत्तर दिलं नाही. आत मशीनवर बसलेल्या बाईनं मान वर केली. कौमुदीच्याच वयाची, कदाचित लहान, केस पांढरे झालेले. तिनं मशीन थांबवली आणि म्हणाली, "साहब की घरवाली हो न आप।" विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेला तिनं कौमुदीला बघितलं होतं. त्याच पूजेत साहेबांच्या मुलीनं गिटार वाजवली होती आणि मीरा, तेव्हा दहा वर्षांची, घरी येऊन बापाच्या मागं लागली होती. बापानं दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, अशी गिटार केवढ्याला येते. साहेब हसले होते म्हणे. बाईनं हे सगळं शिवणकामाचं माप सांगावं तसं सांगितलं. तिचं नाव सुखबती. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, भिंतीवरच्या फोटोकडं नुसतं बघितलं, आणि कौमुदीला ते नाव आपोआप आठवलं. मनबोध.

त्या नावाबरोबर पूर्ण वाक्यच आलं, कारण ते तिनं फार वेळा उच्चारलं होतं. मनबोध नावाचा एक मजूर, पिऊन भट्टीत उतरला बिचारा. श्रीपाद त्या दिवशी घरी येऊन मोरीत किती वेळ हात धूत उभा राहिला होता. "पिऊन होता," तो म्हणाला होता. "सांगितल्याबिगर आत गेला. गॅस होता आत." एवढंच. चौकशीतही तेच आलं. आणि कौमुदीनं ते ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं, जीभ टाळ्याला लावून च्च करत सांगितलं. नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. आता ती त्या माणसाच्या फोटोसमोर उभी होती. फोटोतल्या गळ्यातही कंठी होती. बाहेरच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात होती तशीच. आमच्याकडं कंठी घेतलेला माणूस दारूला शिवत नाही, सुखबती म्हणाली. बाटलीला हात लागला तरी आंघोळ करतात. कारखान्यानं लिहून टाकलं की पिऊन होता, तेव्हापासून पंथाच्या बैठकीत सासऱ्याला कुणी सतरंजीवर जागा देत नाही. तो जातही नाही. दारात बसून असतो.

कौमुदीनं विचारलं, ते इथं कशाला येत होते. तिचा घसा खरंच बसला होता. सुखबती उठली, आतल्या खोलीचं दार लोटून आली. मीरा आत होती, तारा जुळवत होती, एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. मग ती हळू आवाजात बोलली. साहेब पहिल्यांदा गिटार घेऊन आले तेव्हा पोरगी शाळेत होती. ते याच जागी बसले आणि म्हणाले, भट्टी थंड व्हायला अजून वेळ हवा होता. मनबोध म्हणाला होता, साहब, अजून वास येतोय. वरून फोनवर फोन येत होते, संध्याकाळी भट्टी पेटवायची होती. मीच म्हटलं, उतर, काही होत नाही. तो उतरला. पिऊन नव्हता. "मेरे को बोले, माफ कर दो।" मी साहेबांना म्हटलं, माफी राहू द्या. बाहेर बाबूजी बसलेत, त्यांच्यासमोर एवढंच म्हणा, की पिऊन नव्हता. तुमच्या तोंडून. ते उठले, दारापर्यंत गेले, चप्पल घातली आणि निघून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, कापूस आणि बाटली घेऊन. "हर साल आते थे। मैं हर साल बोलती थी, बाबूजी को बोल दो। वो सिर नीचे करके पॉलिश रगड़ते रहते थे।" मग तू येऊ का देत होतीस, असं कौमुदीनं विचारलं. सुखबतीनं खांदे उडवले. एखाद्या वर्षी म्हणतील, वाटायचं. पोरीला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं गिटार चुलीत घातली असती, आणि तिला दुसरं काही नाही.

कौमुदी खाली बसली, चिंध्यांवरच. तिला त्या क्षणी एकच गोष्ट हवीशी वाटली, की ही बाई त्याची बाई असावी. मीरा त्याची मुलगी असावी. चिकटलेल्या कानाच्या पाळ्या, रविवारचा चहा, दुसरं घर, सगळं खरं असावं. त्याच्यावर तिला ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, शेवटी कधीतरी समजूनही घेता आलं असतं. हे कसं समजून घ्यायचं? त्यानं कबूल केलं होतं, पण इथं, चार भिंतींत, जिला ते आधीच माहीत होतं तिच्यापुढं. आणि घरी येऊन तिच्या शेजारी झोपला होता. ती हळदीकुंकवाला ते वाक्य बोलत होती तेव्हा तो आत वर्तमानपत्र वाचत बसलेला असे. त्याला ऐकू येत असे. एकदाही त्यानं तिला थांबवलं नाही. ती त्याच्याकडं इतकी वर्षं बघत होती, सगळं दिसतं असं समजून. आतल्या खोलीत सूर जुळला आणि मीरा काहीतरी वाजवायला लागली, संथ, अडखळत. गोड वाजवत होती. सुखबती पुन्हा मशीनवर बसली होती, पण पाय हलवत नव्हती. तिनं काही मागितलं नाही. फक्त एकदा दाराबाहेर, खाटेकडं बघितलं.

कौमुदी उठली आणि बाहेर गेली. म्हाताऱ्यासमोर उकिडवी बसली. गुडघे दुखले. बाबूजी, असं तिनं म्हटलं आणि पुढचं हळूच म्हटलं, आतल्या पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. तुमचा मुलगा पिऊन नव्हता. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "का कहिथस? जोर से बोल बेटी, सुनात नइ हे।" तिनं दाराकडं बघितलं. सुखबती उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, तिचा चेहरा अगदी कोरा होता. आत वाजतच होतं. हळू बोलून हे होणार नाही, हे कौमुदीला कळलं. म्हणजे एक वाचवायचं तर दुसरं जाणार. श्रीपादलाही इथंच, या खाटेसमोर, हेच कळलं असेल, आणि तो चप्पल घालून निघून गेला. तिनं मोठ्यानं म्हटलं, "मनबोध पीकर नहीं गया था।" चक्कीवर पीठ न्यायला आलेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. म्हातारा तिच्या ओठांकडं बघत होता. "फेर कइसे गिस?" त्यानं विचारलं. मग कसा गेला? तिनं श्वास घेतला. आता ती ओरडतच होती, आवाज फाटत होता, सबंध पाऱ्याला जाईल असा. "मेरे पति ने भेजा था। उसने मना किया था। बोला था गैस है। मेरे पति ने जबरदस्ती भेजा, और फिर झूठ लिखवाया।" आतलं वाजणं मधेच थांबलं.

म्हाताऱ्यानं तिच्या ओठांवरची नजर काढून रस्त्याकडं नेली. मग म्हणाला, "हव." जणू एवढ्यातच कुणी त्याला पाऊस पडेल का विचारलं होतं. त्याचा हात कंठीपाशी गेला आणि तिथंच राहिला. मीरा दारात आली. हातात काही नव्हतं. तिनं कौमुदीकडं बघितलं, शंकर नगरातल्या बाकावरची बाई तिनं ओळखली, आणि ओळख पटता पटता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटत गेलं. ती आईला म्हणाली, "तुझे मालूम था?" मीरा आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कसलाच नाही. मोडण्याचा नाही, रडण्याचा नाही. कौमुदी कान देऊन ऐकत होती. चक्कीवरच्या बायका जवळ आल्या होत्या. चक्कीवाला मशीन बंद करून बाहेर आला. समोरच्या घरातनं एक गृहस्थ आला, त्याच्याही गळ्यात कंठी, दिसायला पाऱ्यातला वजनदार. त्यानं काय झालं म्हणून विचारलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना गप्प केलं. तो खाटेवर एका बाजूला सरकला, त्या गृहस्थाला बसायला जागा करून दिली, आणि कौमुदीकडं वळला.

"एक घांव अउ कह बेटी," तो म्हणाला. "ये मन घलो सुन लेंय।" आणखी एकदा सांग, हे लोकही ऐकू देत.

कौमुदीनं सुखबतीकडं पाणी मागितलं. सुखबतीनं लोटा आणून दिला. ती सगळं पाणी प्यायली. मग तिनं त्या गृहस्थाला आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.